एका सेकंदाचे पाच ठोके

या रे मुलांनो, टेबलाभोवती बसा. आधी तो पंखा बंद करा, आणि कोणी टेबलाला धक्का लावू नका. या पांढऱ्या कागदावर मांडलेले काही स्क्रू इतके लहान आहेत, की वाऱ्याने सरकून खाली पडले तर परत सापडायचे नाहीत. आज आपल्याला घरच्या घरी एक मनगटी घड्याळ जोडायचं आहे. जुन्या घाटाचं, पांढऱ्या तबकडीचं. दोन निळे काटे आणि सहाच्या जागी सेकंदाची एवढीशी वेगळी तबकडी. कोटाच्या बाहीखाली सहज सरकणाऱ्या असल्या साध्या, देखण्या घड्याळाला ड्रेस वॉच म्हणतात. त्यात तारीख नाही, दिवा नाही, गजर नाही, आणि मुख्य म्हणजे बॅटरी नाही.

"मग आजोबा, ते चालतं कशावर?"

हीच तर आजची गोष्ट. घड्याळ जोडता जोडता निसर्गाचे चार-पाच नियम आपल्या हाताखालून जाणार आहेत. ते माणसाने केलेले नाहीत. माणसाने ते ओळखले आणि त्यांच्या कलाने वागायला तो शिकला. घड्याळ म्हणजे त्या शिकण्याचं फळ. एवढं ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

हे यंत्र पाहा. आराखडा स्वित्झर्लंडच्या युनिटास कंपनीचा. पुढे तो एटा कंपनीकडे गेला, आणि आता हे यंत्र 6498 या क्रमांकाने ओळखलं जातं. व्यास 36.6 मिलिमीटर, जाडी 4.5 मिलिमीटर. मुळात ते खिशातल्या घड्याळासाठी केलेलं, म्हणून त्याचे भाग मोठे, चिमट्यात धरायला सोपे. जगभर घरी घड्याळ जोडायला शिकणारे हौशी लोक बहुधा याच्यापासून किंवा याच आराखड्यावर चीनमधल्या सीगल कंपनीने केलेल्या यंत्रापासून सुरुवात करतात. अवघ्या अडीच मिलिमीटर जाडीची यंत्रंही असतात. पण ती हात बसल्यावर.

आता हा गोल डबा. याला बॅरल म्हणतात. याच्या पोटात पोलादासारख्या लवचीक धातूची एक पट्टी गुंडाळलेली आहे. उलगडली तर फूटभराहून लांब भरेल. ही चावीची कमान. तू बोटांनी चावी देतोस, तेव्हा ही कमान आवळली जाते आणि तुझ्या बोटांची शक्ती तिच्यात साठते. ती शक्ती तुझ्याकडे कुठून आली? सकाळी खाल्लेल्या भाकरीतून. भाकरीत ज्वारीतून आली, आणि ज्वारीत उन्हातून. म्हणजे हे घड्याळ शेवटी सूर्यावरच चालतं. शक्ती नव्याने जन्माला येत नाही, ती फक्त घर बदलते. हा निसर्गाचा पहिला नियम आज आपण हातात धरला.

पण एक अडचण आहे. कमान आवळून नुसती सोडून दिली तर चाकं भर्रकन फिरतील आणि काही क्षणांत सगळी शक्ती संपेल. आपल्याला तर ती दीड दिवसाहून जास्त पुरवायची आहे. शिवाय चाकांनी वाटेल तसं फिरून चालणार नाही. एका चाकाने बरोबर तासाला एक फेरा घ्यायचा आणि दुसऱ्याने बरोबर मिनिटाला एक.

पाटी काढ, हिशेब मांडू. जुन्या पद्धतीच्या कित्येक घड्याळांत मधल्या चाकाला 80 दाते असतात आणि ते 10 दात्यांच्या लहान चाकाला फिरवतं. म्हणजे याचा एक फेरा होतो तेव्हा त्याचे आठ. त्या लहान चाकाच्याच दांड्यावर 75 दात्यांचं मोठं चाक बसवलेलं असतं. ते पुढच्या 10 दात्यांच्या चाकाला फिरवतं. एका फेऱ्याला साडेसात फेरे. आता आठ गुणिले साडेसात किती?

"साठ!"

बरोबर. तासाला एक फेरा घेणाऱ्या चाकाने मिनिटाला एक फेरा घेणारं चाक फिरवलं. मिनिटकाटा पहिल्याच्या दांड्यावर बसतो, सेकंदकाटा दुसऱ्याच्या. तासकाट्यासाठी तबकडीखाली आणखी दोन-तीन चाकं असतात. ती मिनिटकाट्याची गती बाराने भागतात. घड्याळाच्या पोटात पाढे बसलेले आहेत ते असे.

चाकं बसवताना त्यांच्या दांड्यांची टोकं या लाल खड्यांच्या भोकात जातात. भिंगातून बघ. हे खरे माणिक आहेत, म्हणजे कुरुंद, अॅल्युमिनियमचा ऑक्साइड. हिरा सोडला तर याच्याइतकी कठीण खनिजं निसर्गात फारशी नाहीत. पितळेच्या भोकात पोलादी टोक रात्रंदिवस फिरलं तर भोक झिजून लांबट होतं आणि चाक डुगडुगतं. गुळगुळीत माणकात ते वर्षानुवर्षं फिरत राहतं. न्यूटनचा स्नेही असलेल्या फातिओ नावाच्या गणितज्ञाने दोघा घड्याळजींना जोडीला घेऊन 1704 मध्ये लंडनला या युक्तीचं पेटंट घेतलं होतं.

"खरे माणिक? मग हे किती महाग असेल!"

होतेच एकेकाळी. मग फ्रान्सच्या ऑग्यूस्त व्हर्न्यय या रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये आपली रीत जाहीर केली. त्याने अॅल्युमिनियम ऑक्साइडची शुद्ध पूड घेतली, त्यात क्रोमियमचा नखभर अंश घातला आणि ती हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून हळूहळू खाली पाडली. दोन हजार अंश सेल्सियसच्या वर ती पूड वितळते, खालच्या कांडीवर थेंबाथेंबाने थिजते आणि तिथे माणिक वाढू लागतं. खाणीतल्या माणकाचे अणू ज्या रचनेत बसतात, त्याच रचनेत हेही बसतात. लाल रंग येतो तो क्रोमियममुळे. तो घातला नाही तर तेच खनिज पाण्यासारखं पारदर्शक होतं. या घड्याळावर जी काच बसवायची आहे, ती तशीच आहे. तिला सफायर म्हणतात. म्हणजे आतले लाल खडे आणि वरची स्वच्छ काच ही एकाच आईची लेकरं. या यंत्रात असे 17 खडे आहेत.

प्रत्येक खड्याभोवती ही जी छोटी वाटी कोरलेली दिसते, तिच्यात तेल द्यायचं. सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जोराने पण सावकाश फिरणाऱ्या चाकांना दाट तेल, हलक्या आणि वेगवान चाकांना पातळ. दात्यांना तेल लावायचं नाही. तिथे ते धूळ धरून ठेवतं. आता या थेंबाची गंमत बघ. घड्याळ मनगटावर उलटंसुलटं होतं, हिसके बसतात, तरी तेल ओघळून जात नाही. दोन पृष्ठभागांमधली फट जिथे सगळ्यात अरुंद, तिकडे ते स्वतःहून ओढलं जातं. खड्याचा आकारच असा ठेवलेला असतो, की सगळ्यात अरुंद जागा नेमकी दांड्याच्या टोकापाशी येते. जमिनीतलं पाणी मातीच्या बारीक फटींतून वर चढतं, दिव्यातलं तेल वातीतून वर येतं, त्यामागे हीच ओढ आहे. तिला केशाकर्षण म्हणतात. एवढ्याशा थेंबावर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापेक्षा तिचा जोर जास्त चालतो. हा झाला दुसरा नियम.

आता येतो पहारेकरी. चाकांच्या रांगेच्या शेवटी हे 15 टोकदार दात्यांचं चाक आहे, आणि त्याच्या वाटेत दोन लाल खड्यांचा हा छोटा काटेरी हात. याला पॅलेट फोर्क म्हणतात. तो एका खड्याने दाता अडवतो, सोडतो, लगेच दुसऱ्या खड्याने पुढचा दाता अडवतो. दाता खड्यावर आदळतो तो आवाज म्हणजे टिकटिक. अठराव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या थॉमस मज याने ही रचना शोधली, आणि आजही चावीच्या बहुतेक मनगटी घड्याळांत तीच आहे. पण हा पहारेकरी स्वतःच्या मनाने दार उघडत नाही. त्याला कोणीतरी सांगावं लागतं, "आता." ते सांगणारं चाक अजून कागदावरच आहे.

श्वास रोखा. हे बॅलन्स चाक, आणि त्याच्या मधोमध ही हेअरस्प्रिंग, म्हणजे गोल गुंडाळलेली बारीक कमान. हिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. चिमट्याचा थोडा जास्त दाब पडला तर ही कायमची वाकडी होईल. घड्याळातली सगळ्यात नाजूक वस्तू हीच, आणि सगळ्यांना हुकूम देणारीही हीच.

हिची गोष्ट साडेतीनशे वर्षं जुनी आहे. क्रिस्तियान हायगेन्स हा हॉलंडचा मोठा शास्त्रज्ञ. लंबक थोडा हलला काय नि जरा जास्त हलला काय, त्याच्या ये-जा करण्याला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, हे गॅलिलिओने ओळखलं होतं. त्याचा आधार घेऊन हायगेन्सने 1656 च्या नाताळच्या सुमारास लंबकाचं घड्याळ सिद्ध केलं. भिंतीवर ते उत्तम चालायचं. पण लंबक खिशात कसा घालणार? माणूस चालला, वाकला, घोड्यावर बसला की लंबक बिचकतो. त्या काळची खिशातली घड्याळं इतकी चुकत, की पुष्कळांना मिनिटकाटा देण्यात अर्थच नसे.

हायगेन्सने विचार केला, लंबकाला मध्याकडे परत आणते ती पृथ्वीची ओढ. तिच्याऐवजी दुसरी ओढ वापरली तर? जानेवारी 1675 मध्ये त्याने वहीत एक चित्र काढलं. एक चाक आणि त्याला जोडलेली गोल गुंडाळलेली बारीक कमान. पॅरिसच्या ईझाक तुरे नावाच्या घड्याळजीकडून त्याने तसं घड्याळ करवून घेतलं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक म्हणाला, ही कल्पना मला आधीच सुचली होती. दोघांचं भांडण झालं. पण कमानीचा स्वभाव नियमाच्या रूपात छापून जगापुढे ठेवला तो हूकनेच, 1678 मध्ये. तो नियम असा, की कमान जितकी ताणावी तितक्याच प्रमाणात ती परत ओढते. दुप्पट ताणली तर दुप्पट ओढ, तिप्पट ताणली तर तिप्पट.

"पण त्याचा वेळेशी काय संबंध?"

तू झोपाळ्यावर बसतोस तेव्हा मोठा झोका घेतलास तर लांब जातोस. पण तेवढ्याच वेगाने परतही येतोस, म्हणून लहान आणि मोठ्या झोक्याला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. हे चाकही तसंच झोके घेतं. कमान जास्त पिळली गेली तर चाकाला जास्त फिरायचं असतं, पण ओढही त्याच प्रमाणात वाढलेली असते. लांब वाट जास्त वेगाने कापली जाते आणि हिशेब बरोबर जुळतो. झोपाळा थांबू नये म्हणून मागून कोणीतरी नेमक्या क्षणी हलकासा धक्का देतं ना, तसा धक्का पॅलेट फोर्क या चाकाला प्रत्येक झोक्याला देतो. तिकडून शक्ती येते, इकडून वेळ सांगितली जाते. सकाळी चावी भरलेली असताना धक्का जोरदार असतो, दुसऱ्या दिवशी तो मंदावतो. झोका लहान होतो, पण त्याचा वेळ फारसा बदलत नाही. घड्याळाचं सगळं सामर्थ्य या एका गुणात आहे.

बसवलं पाहा चाक. त्याला धरून ठेवणारा वरचा पूल लावला, आता चावी दे. दोनच वेढे. हललं! कान लाव. या यंत्राच्या जुन्या आवृत्तीत तासाला 18,000 ठोके पडतात. तीन हजार सहाशेने भाग. सेकंदाला पाच. दिवसाला 4,32,000. वर्षभर बंद न पडता चाललं तर 15 कोटी 76 लाख 80 हजार. आणि नीट लावलेलं घड्याळ दिवसाला दहा सेकंद चुकलं, तर ती चूक साडेआठ हजार सेकंदांत एका सेकंदाची होते.

इथे निसर्गाने आणखी एक पेच टाकला होता. उन्हाने पोलाद तापलं की त्याची लवचीक ओढ कमी होते. साध्या पोलादी कमानीचं घड्याळ एका अंशाने तापमान वाढलं तरी दिवसाला सुमारे दहा सेकंद मागे पडतं. मग आपल्याकडच्या वैशाखात काय होईल? घड्याळजी दोनशे वर्षं या दुखण्यावर उपाय करत राहिले. दोन धातूंच्या पट्ट्या जोडून ते बॅलन्स चाक करत, म्हणजे उष्णतेने चाकाचा घेर बदलून चूक भरून निघे. शेवटी शार्ल एदुआर्द गियोम या स्विस शास्त्रज्ञाने मूळ दुखण्यालाच हात घातला. हा घड्याळजीचा मुलगा, पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय मापसंस्थेत काम करणारा. लोखंड आणि निकेल ठरावीक प्रमाणात मिसळले तर उष्णतेने जवळजवळ न फुगणारा धातू मिळतो, हे त्याने 1896 मध्ये दाखवलं. त्यालाच इन्व्हार म्हणतात. पुढे त्याने असा मिश्रधातू केला, की ज्याची ओढही उष्णतेने फारशी बदलत नाही. लोखंड-निकेलचं चुंबकत्व उष्णतेबरोबर बदलतं, त्याचा परिणाम कमानीच्या नेहमीच्या ढिलेपणाच्या उलट दिशेने होतो, आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल गियोमला मिळालं. आपल्या हातातली हेअरस्प्रिंग त्याच घराण्यातल्या धातूची आहे.

आता काटे. हे अजून पांढरे पोलादी आहेत, आणि आपल्याला हवेत निळे. पण रंगाची बाटली मी आणलेलीच नाही.

पितळेच्या या छोट्या तबकात पितळेचा कीस पसरू या, त्यावर काटा ठेवू, खाली स्पिरिटचा दिवा लावू. तुम्ही हातभर लांब उभे राहा. काटा आधी आरशासारखा घासून स्वच्छ पुसलेला आहे. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे डाग पडतो. बघा, 220 अंशांच्या पुढे तो फिकट पिवळा झाला. आता तपकिरी. आता जांभळा, 280 च्या आसपास. डोळा हलवू नका. 300 च्या जवळ आला की निळा... उचलला! आणखी थोडा राहिला असता तर फिकट होऊन करडा पडला असता.

हा निळा रंग आला कुठून? पोलादावर हवेतल्या प्राणवायूने ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार केला. प्रकाशाचा काही भाग पापुद्र्याच्या वरून परततो, काही त्याच्या तळावरून. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग वाढतात, काही पुसले जातात. पापुद्रा अगदी पातळ असतो तेव्हा निळा पुसला जातो आणि पिवळा दिसतो. जाड होत जातो तसा हिरवा पुसला जातो, मग जांभळा दिसतो. आणखी जाड झाला की पिवळा-तांबडा पुसला जातो आणि निळा उरतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवरचे रंग आणि साबणाच्या फुग्यावरचे रंग याच कारणाने दिसतात. उन्हाने विटणारा रंग या काट्यावर नाही. त्यावर आहे ती केवळ प्रकाशाच्या लाटांची बेरीज-वजाबाकी.

बाकीचं काम जपून पण झटपट. रबरी फुग्याने धूळ उडवायची, तबकडी बसवायची, दोन्ही काटे बरोबर बारावर आणून दाबायचे. एकमेकांना आणि काचेला ते घासत नाहीत ना, ते आडवं धरून बघायचं. यंत्र केसमध्ये बसवून झाकण लावण्याआधी वेळ जुळवायची. बॅलन्सजवळच्या या लहान दांडीने हेअरस्प्रिंगचा मोकळा भाग थोडा आखूड केला की घड्याळ पुढे पळतं, लांब केला की मागे पडतं. ठोके ऐकून चूक सांगणारं एक यंत्र मिळतं, हल्ली मोबाइलवरही तशी सोय आहे. आणि एक कायम पाळा. हे घड्याळ स्पीकर किंवा लोहचुंबकाजवळ ठेवायचं नाही. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांना चिकटले की ते वेड्यासारखं पुढे पळतं.

मुलांनो, अशी घड्याळं आपल्याला परकी नाहीत. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 मध्ये बंगळुरूला कारखाना काढला, आणि चावीची, 17 खड्यांची 'जनता' घड्याळं घरोघरी आली. तुमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत एखादं घड्याळ कपाटात बंद पडून असेल. बहुतेक वेळा त्यातलं तेल सुकलेलं असतं, एवढंच. असं घड्याळ मोडीत देऊ नका. जवळच्या घड्याळजींकडे घेऊन जा, ते उघडतील तेव्हा शेजारी उभं राहण्याची परवानगी मागा, आणि एकेका भागाचं काम त्यांना विचारा. कमानीची ओढ, तेलाच्या थेंबाची धाव, माणकाची कठिणाई, लोखंड-निकेलची किमया, हे सगळं पुस्तकात वाचाल तेव्हा पाठ होईल. चालत्या यंत्रात एकदा डोळ्यांनी पाहाल, तर ते जन्मभर विसरणार नाही.